कादिरकुलची बारावी बंदूक

कादिरकुल म्हाताऱ्याला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता, आणि दोन्ही तो कुणी विचारायच्या आत सांगून टाकायचा. एक म्हणजे चाळीस वर्षं तो अत-बाशीच्या डोंगरांत शिकार करत हिंडला, पण त्याच्या बंदुकीची नळी एकदाही माणसाकडे वळली नाही. दुसरी म्हणजे अकरा नातवांना त्याने अकरा लाकडी बंदुका करून दिल्या आणि त्यांतली एकही दुसरीसारखी नव्हती. दस्ता बर्चचा, नळी ताबिल्गी झुडपाच्या लालसर काठीची. चाबकाच्या मुठीला वापरतात तीच काठी, मोडता मोडत नाही. पुढे टेकवायला शिंगाचं दुबेळकं, अगदी जुन्या शिकाऱ्यांच्या बंदुकांना असायचं तसं. गावात कुणाच्या घरी भिंतीवर तशी बंदूक लटकलेली दिसली की म्हातारा दारातूनच म्हणायचा, "ही माझी, बरं का!" जसं काही कुणाला ठाऊकच नव्हतं.

बारावी मागितली ती बुरुलने. बुरुल ही त्याच्या मोठ्या मुलाची, सामातची पोर. वय वर्षं पाच, दोन वेण्या, आणि पुढचा एक दात पडलेला.

"पोरीला बंदूक?" तिची आजी काकिश पीठ मळता मळता हसली. "उद्या कोंबडी मिशा मागेल."

"मागू दे की. मिशाही देईन," म्हातारा म्हणाला. आतून तो इतका सुखावला होता, की बर्चचं लाकूड त्याने त्याच दुपारी शोधून काढलं. गेल्या चार वर्षांत त्याच्याकडे कुणीच बंदूक मागितली नव्हती. पोरांना आता बाजारातल्या प्लॅस्टिकच्या लागत. चाप दाबला की दिवे लागतात, मशीनगनसारखा आवाज येतो, अशा.

अडचण एकच होती. बुरुलची आई.

बेगिमाय गावच्या बालवाडीत शिकवायची. तिच्या वर्गाच्या दाराशी एक वेताची टोपली असे. रोज सकाळी पोरं यायची, तेव्हा ज्याच्या हातात खेळण्यातली बंदूक असेल त्याने ती टोपलीत टाकायची आणि घरी जाताना उचलायची. आयाबाया कुरकुरत. मास्तरीणबाई, पोरंच ती, खेळणारच. बेगिमाय त्यांना म्हणायची, "खेळू देत ना. चेंडू आहे, घोडा आहे. माणूस मारायचा खेळ एवढा एकच माझ्याकडे नाही."

तिच्या या बोलण्यामागे काय होतं ते गावाला माहीत होतं. कादिरकुलला तर सगळ्यांपेक्षा जास्त. नऊ वर्षांपूर्वी बेगिमायचा भाऊ आझात मित्राबरोबर शिकारीला गेला होता. संध्याकाळच्या अंधुक उजेडात मित्राला खडकामागे काहीतरी हललेलं दिसलं. त्याला वाटलं रानबोकड आहे. होता आझात. आमच्या या डोंगरांत अशी बातमी घरी न्यायला गावचे वडीलधारे पाठवतात. तेव्हा बेगिमायच्या बापाच्या दाराशी घोड्यावरून उतरलेल्या तिघांत कादिरकुल होता. बोलणं त्याच्यावरच आलं. त्याने टोपी काढली, जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाला, "चुकून झालं." दारात एकोणीस वर्षांची बेगिमाय उभी होती. तिने एकच विचारलं होतं, "चुकून म्हणजे काय?" आणि म्हाताऱ्याला उत्तर देता आलं नव्हतं.

नशिबाचा खेळ असा, की दोन वर्षांनी तीच मुलगी सामातशी लग्न करून त्याच्या घरात सून म्हणून आली. सासऱ्याशी अदबीने वागायची, चहाचा पहिला पेला त्याच्या हातात द्यायची. आझातचं नाव मात्र दोघांनीही कधी एकमेकांसमोर काढलं नाही.

तर अशा सुनेला बारावी बंदूक कळली. दस्ता निम्मा कोरून झाला होता.

"मामंजी," ती अंगणात येऊन म्हणाली, "अकरा केल्यात, मी कधी काही बोलले नाही. ती दुसऱ्यांची पोरं होती. ही माझी आहे."

"अगं, ही बाजारातली नव्हे," म्हातारा म्हणाला. "बाजारातली माणसावर रोखायला शिकवते. माझी कुठे रोखायची नाही ते शिकवते."

"लाकूड काय शिकवणार?"

"लाकूड नाही, मी शिकवीन. घोडामैदान जवळच आहे, बघ तू."

बेगिमायने तो अर्धा दस्ता उचलून हातात तोलला. पलीकडे बुरुल भुसा गोळा करून त्याचे ढीग लावत होती, कान मात्र इकडे. एमिरचा, म्हणजे बुरुलच्या धाकट्या भावाचा, समारंभ तीन आठवड्यांवर आला होता. पोर नुकतं पावलं टाकायला लागलं होतं. त्याच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा बांधायचा, मुलांची शर्यत लावायची आणि पहिल्या येणाऱ्याने सुरीने तो कापायचा. मग पोर बेधडक चालायला मोकळं.

"बरं," बेगिमाय म्हणाली. "एक अट. ज्या दिवशी ही बंदूक कुणा माणसावर रोखली जाईल, त्या दिवशी ती चुलीत जाईल. तुमच्या हाताने. कारण बिरण काही ऐकणार नाही मी."

"मान्य," म्हातारा म्हणाला. मग छाती पुढे काढून त्याने जोडलं, "आणि तसं झालं, तर पुन्हा कधी बंदूक करणार नाही. पोरीची शपथ नको, माझ्या दाढीची घे."

"दाढी राहू द्या," काकिश आतून ओरडली. "तेवढंच उरलंय चांगलं!"

दुसऱ्या दिवसापासून शिक्षण सुरू झालं. म्हाताऱ्याचे नियम मोजके होते. बंदूक लाकडाची असली तरी भरलेली आहे असंच समजायचं. नळी आभाळाकडे नाहीतर जमिनीकडे, तिसरी जागा नाही. बंदूक घेऊन पळायचं नाही. जे खाणार नाही त्याच्यावर नेम धरायचा नाही.

"कोंबडा चालेल?" बुरुलने विचारलं.

"खाणार असशील तर चालेल."

"मांजर?"

"मांजर खाणार तू?"

"शी!" पोरगी म्हणाली, आणि मांजराची सुटका झाली.

एकदा तिची नळी दाराशी झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावरून गेली. म्हाताऱ्याने नुसती भुवई उचलली. बुरुलने बंदूक जमिनीवर ठेवली, कुत्र्याजवळ गेली आणि त्याच्या कानात माफी मागून आली. त्या रात्री म्हाताऱ्याने काकिशला जागं करून ही गोष्ट दोनदा सांगितली. चाळीस वर्षांत बरोबरीच्या शिकाऱ्यांना जे समजावून दमलो, ते ह्या मूठभर पोरीला आठ दिवसांत कळलं, असं त्याचं म्हणणं. अकरा नातवांतल्या एकाचंही त्याने इतकं कौतुक केलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या अकरांना त्याने शिकवलंच नव्हतं काही, नुसती बंदूक देऊन पाठ थोपटली होती. ही गोष्ट त्याला आता आत कुठेतरी टोचायला लागली होती, पण ती त्याने काकिशला सांगितली नाही.

बेगिमाय हे सगळं खिडकीतून पाहायची. एके दिवशी मात्र तिने बुरुलच्या बंदुकीला खांद्यावर टांगायला एक पट्टा विणून दिला. निळा, कडेला पांढरी नक्षी. पोरीने तो घालून सबंध गल्ली तीनदा पालथी घातली. म्हातारा तर तो पट्टा पाहून असा काही हवेत तरंगायला लागला, की काकिशला म्हणावं लागलं, "खाली या, जेवण वाढलंय."

समारंभाचा दिवस स्वच्छ उन्हाचा उजाडला. अंगणात लोकरीचे नमदे अंथरले, मोठ्या कढईखाली लाकडं पेटली, मटण शिजायला लागलं. बोरसोकांचे, म्हणजे तळलेल्या पिठाच्या तुकड्यांचे, ढीग जेवणाच्या चादरीवर, दस्तरखानावर पडले. सत्तर-ऐंशी माणूस जमलं. आणि दहाच्या सुमाराला राजधानी बिश्केकहून म्हाताऱ्याचा धाकटा मुलगा तालाय आला. गाडीतून उतरला तोच मुळी दोन्ही हातांत दोन पोती घेऊन.

"या रे पोरांनो! काकाकडून भेट!"

पोत्यांत प्लॅस्टिकच्या मशीनगनी होत्या, वीसेक तरी असतील. लाल-हिरवे दिवे, आणि कानठळ्या बसवणारा तडतडाट. पाच मिनिटांत अंगणाची लढाई झाली. पोरं कढईआडून, घोड्यांच्या पायांतून, पाहुण्यांच्या खांद्यांवरून एकमेकांना मारत सुटली. म्हातारे मौजेने छातीला हात लावून आडवे पडत होते. "मेलो रे, मेलो!" बायका हसून लोळत होत्या. आणि बेगिमाय बोरसोकांचं ताट धरून उभी होती, चेहरा भिंतीसारखा. तालाय काही वाईट मुलगा नव्हता. त्याला वाटलं होतं, सगळी पोरं खूश होतील. झालीही होती.

"बुरुल, ए बुरुल! ती काठी टाक, ही घे," तालाय म्हणाला.

"काठी नाही. बंदूक आहे," बुरुल म्हणाली.

"अस्सं? मग मार बघू मला! मी शत्रू आहे. चल, हात वर केले!" तालाय हात वर करून तिच्यापुढे उभा राहिला. माणसं वळून बघायला लागली. पोरं ओरडायला लागली, मार, मार.

बुरुलने खांद्यावरून बंदूक काढली. कादिरकुल जागचा अर्धवट उठला. पोरीने नळी जमिनीला टेकवली, दोन्ही हात दस्त्यावर ठेवले आणि तोंड वर करून म्हणाली, "नाही मारणार. तुला खाणार नाहीये मी."

सबंध अंगण हसलं. शेजारच्या गावचा एक जुना शिकारी मांडीवर थाप मारून म्हणाला, "कादिरकुल, ही पोर आम्हाला सगळ्यांना शिकवील!" तालायही हसला, कान धरून बाजूला झाला. बेगिमायने ताट खाली ठेवलं आणि पदराने, म्हणजे डोक्याच्या रुमालाच्या टोकाने, डोळे पुसले. कढईचा धूर होता म्हणा हवं तर. म्हाताऱ्याने ते पाहिलं, आणि त्याला वाटलं, त्या दारातल्या प्रश्नाचं उत्तर नऊ वर्षांनी का होईना, आपण दिलं.

मग शर्यत झाली. बुरुलला धावायचं होतं, पण बंदूक घेऊन पळायचं नाही. ती आधी भिंतीशी गेली, बंदूक नीट टेकवली, नळी वर, आणि मग धावायला लागली. तोवर बाकीचे निम्म्यावर पोचले होते. ती शेवटून दुसरी आली. पहिली आली ती शेजारची मुलगी. तिने सुरीने एमिरच्या पायांतला दोरा कापला, एमिर चार पावलं चालून धपकन बसला आणि सगळ्यांनी एकच गजर केला. म्हातारा मात्र ज्याला त्याला गाठून सांगत होता, "पाहिलंत? हरली, पण नियम मोडला नाही. पाहिलंत ना?"

इथवर ठीक होतं. पण अभिमान हे मोठं वाईट घोडं. लगाम सैल सोडला की कुठे नेईल सांगता येत नाही.

जेवणं झाली, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस फिरायला लागलं. तालाय थोडा रंगात आला होता. "बाबा, एक सांगा. आवाज नाही, दिवा नाही. ह्या तुमच्या बंदुकीत आहे तरी काय?"

"काय आहे?" म्हातारा ताडकन उठला. "बुरुल, जरा दे बेटा."

बुरुलने दोन्ही हातांनी बंदूक दिली. म्हाताऱ्याने ती खांद्याला लावली, आणि खरंच, सत्तरीचा माणूस एकदम तिशीचा दिसायला लागला. पाठ ताठ झाली, गाल दस्त्याला चिकटला. "वर बघा, त्या कड्यावर," तो हळू म्हणाला. सगळे त्या रिकाम्या कड्याकडे बघायला लागले. "बोकड. मोठा, शिंगं पाठीला टेकलेली. चालला… थांबला… कान टवकारले… पळाला! खाली पळाला, खडकावरून, छपराआडून, आत्ता येईल बाहेर, आत्ता…" नळी कड्यावरून उतरली, छपरावरून सरकली, कुंपणावरून आली. "ठो!" म्हातारा गरजला.

पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. वाहवा झाली. सगळे जण अजून छपराकडेच बघत होते.

म्हाताऱ्याने डोळा उघडला. नळीच्या टोकापलीकडे बेगिमाय होती. पाठमोरी, हातात ताट, पलीकडच्या नमद्यावर वाकून वाढत होती. तिला काहीच कळलं नव्हतं.

नळी खाली आली. त्याने हळूच इकडेतिकडे पाहिलं. कुणी पाहिलं नव्हतं. तालाय टाळ्या वाजवत होता. जुना शिकारी कुमिस पीत होता. फक्त बुरुल छपराकडे बघत नव्हती. ती नळीकडे बघत होती. तीन आठवडे त्यानेच तिला सांगितलं होतं, बोकडाकडे नंतर बघ, आधी नळीकडे बघ.

दोघांची नजर मिळाली. पोरीला सगळं कळलं होतं. बोललं तर बंदूक जाणार, आणि नाही बोललं तर कुणालाच काही कळणार नाही. म्हाताऱ्याच्या मनात, खोटं कशाला सांगू, एक क्षणभर आलं की पोरगी गप्प राहावी. एकच क्षण. पण आला.

बुरुल चालत आली. पळाली नाही. दोन्ही हात पुढे करून तिने बंदूक परत घेतली, नळी जमिनीकडे केली आणि स्पष्ट म्हणाली, "आजोबा, तुम्ही ठो केलंत तेव्हा समोर आई होती."

बेगिमाय ताट घेऊन वळली.

"हो," कादिरकुल म्हणाला. "होती."

"अरे, काय हे!" तालाय हसत मध्ये पडला. "लाकडाची तर आहे. चुकून झालं असेल, त्यात काय?"

बेगिमायने ताट नमद्यावर ठेवलं आणि सरळ तालायकडे पाहिलं. कुणाला काही कळलं नाही. कळलं ते फक्त म्हाताऱ्याला.

"तालाय, गप बस," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "तो शब्द मी एकदा हिच्या बापाच्या दारात बोललोय. हिने मला त्याचा अर्थ विचारला, मला सांगता आला नाही. आता माझ्या अंगणात तो कुणी बोलायचा नाही. मी तर नाहीच नाही." मग सुनेकडे वळून त्याने टोपी काढली. तिच्यापुढे टोपी काढायची ही दुसरी वेळ. "सूनबाई, मी फुशारकी मारत होतो. नळीकडे माझं लक्ष नव्हतं. अट माझ्यावरच आली."

बेगिमाय नको म्हणाली नाही, राहू द्या म्हणाली नाही. म्हाताऱ्याला तिचं ते गप्प राहणं बरं वाटलं. ती राहू द्या म्हणाली असती, तर तो तिच्या नजरेतून उतरला असता, आणि बुरुलच्याही.

कढईपर्यंत आजोबा आणि नात दोघं गेली. बुरुल रडत होती, गालांवरून घळाघळा, पण बंदूक तिने नीट धरली होती, नळी खाली. कढईपाशी तिने ती आजोबाच्या हातात दिली.

"थांबा," मागून बेगिमाय आली. तिने निळा पट्टा सोडवून बुरुलच्या गळ्यात घातला. शिंगाचं दुबेळकं उपसून तिच्या मुठीत दिलं. मग ती बाजूला झाली. म्हाताऱ्याने बंदूक जाळात ठेवली. बर्च लगेच पेटतं. ताबिल्गीने थोडा वेळ घेतला.

सत्तर-ऐंशी माणसं ते बघत उभी होती. कादिरकुलच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं, पण मान ताठ होती. त्याने बुरुलला उचलून खांद्यावर घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही बघा. बारा बंदुका केल्या, पण शिकारी एकच झाला. तोही माझ्यापेक्षा भारी."

जुना शिकारी उठला, त्याने आपली टोपी काढली आणि पाच वर्षांच्या पोरीपुढे मान वाकवली. कुणी हसलं नाही.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर म्हातारा कुंपणाशी बसला होता. हात रिकामे, चाकू म्यानात. अंगणात एमिर पडत-उठत चालण्याचा सराव करत होता आणि बुरुल मागून त्याचा सदरा धरून हिंडत होती. बेगिमायने नेहमीसारखा चहाचा पहिला पेला आणून त्याच्या हातात दिला. मग उभीच राहिली.

"मामंजी, एमिर पाच वर्षांचा होईल तेव्हा बर्चचं लाकूड मिळेल ना?"

म्हाताऱ्याने वर पाहिलं. "मी दाढीची शपथ घेतली होती, पुन्हा बंदूक करणार नाही म्हणून."

"दाढी राहू द्या असं सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. ती शपथ मी मानलीच नाही," बेगिमाय म्हणाली. "तुम्ही नुसती कोरा. शिकवायचं काम मात्र तुमच्याकडे नाही."

"मग कोणाकडे?"

बेगिमायने हनुवटीने अंगणाकडे खूण केली. एमिर शिंगाचं दुबेळकं हिसकून घेऊन ते काकिशवर रोखत होता. बुरुलने त्याचं मनगट धरलं, दुबेळक्याचं टोक जमिनीकडे वळवलं आणि कंबरेवर हात ठेवून विचारलं, "आजीला खाणार आहेस का तू?"

कादिरकुलने चहाचा घोट घेतला आणि मिशीतल्या मिशीत म्हणाला, "कोरीन. छोट्या बाईसाहेबांना विचारून कोरीन."